मेडिसिनच्या वर पॅथॉलॉजी

एमबीबीएसनंतर पीजीला कोणती ब्रांच हवी, तो पसंतीक्रमाचा चॉइस फॉर्म लॉक करायच्या आदल्या रात्री बिबवेवाडीच्या आमच्या घरात दोन तट पडले होते. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बाकी सगळे. बाबांचं म्हणणं, रँकवर मेडिसिन मिळतंय ना, बाहेरगावी का होईना, घेऊन टाक. आत्या फोनवर होती. "पॅथॉलॉजी म्हणजे ते रक्त-लघवी तपासतात तेच ना? त्यासाठी एवढं एमबीबीएस केलंस?"

नीट पीजी या प्रवेश परीक्षेबद्दल काय सांगायचं! २०० प्रश्न, बरोबरला चार गुण, चुकलं की एक वजा. पुढचं काउन्सेलिंग जास्त दमवतं. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा ऑल इंडिया कोट्यातून, उरलेल्या राज्याच्या सीईटी सेलकडून. दोन्हीकडे वेगळी नोंदणी, आणि तोच कागदपत्रांचा गठ्ठा पुन्हा स्कॅन.

माझं मात्र इंटर्नशिपमध्येच ठरलं होतं. सर्जरी पोस्टिंगला जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन चालू होतं. काकांना तंबाखू-चुन्याची जुनी सवय. सरांनी कडेचे तुकडे काढून माझ्या हातात दिले, "फ्रोझनला पळ." एरवी तुकडा सडू नये म्हणून फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, पण फ्रोझनचा तुकडा त्यात घालत नाहीत, ताजाच न्यायचा. गोठवून कापायचं यंत्र म्हणजे क्रायोस्टॅट, उणे २० अंशांच्या आसपास, तिथे तो गोठवून पापुद्र्यासारखा कापतात, रंगवतात आणि लगेच बघतात. वीसेक मिनिटांचा खेळ. तेवढा वेळ वर पेशंट भुलीत आणि सगळी ओटी हात बांधून उभी.

मॅडमनी मलाही स्लाइड दाखवली. मला सगळं गुलाबी-जांभळं, एकसारखंच. त्या म्हणाल्या, "आतलं मार्जिन पॉझिटिव्ह आहे. अजून घ्यायला सांग." म्हणजे कापलेल्या कडेत अजून कॅन्सर होता. मी तसंच वर जाऊन सांगितलं. एरवी कुणाचं न ऐकणाऱ्या सरांनी मुकाट्याने आणखी कापलं. काकांना त्या मॅडमचं नाव आजही माहीत नसणार.

दुसरं कारणही सांगून टाकते. कॅज्युअल्टीत रात्री दोनला नातेवाईकांच्या शिव्या खाणं मला जमणारं नव्हतं. लोक हे कबूल करत नाहीत, "सायन्स आवडतं" म्हणतात. मला दोन्ही होतं.

सकाळी फॉर्ममध्ये पॅथॉलॉजी मेडिसिनच्या वर टाकली आणि लॉक केलं. सीट पुण्यातच मिळाली. बाबा दोन दिवस कमी बोलले.

आरामाची ब्रांच म्हणणाऱ्यांनी ग्रॉसिंगच्या, म्हणजे आलेले अवयव बघून तपासणीसाठी कापायच्या, टेबलाशी एक दुपार उभं राहावं. फॉर्मॅलिनने डोळे झोंबतात. स्तनाच्या सॅम्पलला सर्जनने दोरे बांधलेले असतात, आखूड म्हणजे वरची बाजू, लांब म्हणजे बाहेरची. ते नीट बघूनच शाई लावायची, कारण कापल्यावर दिशा परत सापडत नाही. एकदा एका नर्सिंग होममधून पित्ताशय आलं, शुक्रवारी काढलेलं, सोमवारी पोचलेलं, आणि बरणीत फॉर्मॅलिनऐवजी सलाइन. डोळ्यांपेक्षा नाकाला आधी कळलं. फोन केला तर सिस्टर म्हणाल्या, "पाण्यातच तर ठेवलंय ना मॅडम!"

मेडिसिन घेतलेली माझी मैत्रीण हल्ली रोज रात्री फोन करते, तिच्या पेशंटच्या बोन मॅरोसाठी, म्हणजे हाडातल्या मगजाच्या तपासणीसाठी. "झाला का गं रिपोर्ट?"

"हाड आहे बाई. ॲसिडमध्ये मऊ व्हायला टाकलंय. उद्या बघू."

"सर ओरडतायत."

"त्यांना खाली पाठव, बरणी दाखवते."