काचेच्या कौलाखाली

रत्नागिरीहून पावस, पूर्णगड करत कशेळीला पोचले तेव्हा बारा वाजत आले होते. मैत्रिणीच्या आजोळचं घर पाहायचं होतं. गणपतीत चाकरमानी येतात तेवढे दिवस ते उघडतं, एरवी कुलूप. किल्ली शेजारच्या काकांकडे.

"आत काय बघणार ताई? सामान सगळं मुंबईला गेलं," काका कडी काढताना म्हणाले.

ओटीवर झोपाळा नव्हता. आढ्याला चार कड्या तेवढ्या राहिल्या होत्या आणि बरोबर त्यांच्याखाली कोब्याचा हातभर भाग गुळगुळीत झालेला. तीन पिढ्यांनी तिथे पायाने रेटा दिला असणार. मी त्यावर तळहात ठेवून पाहिला. थंडगार होता.

माजघरात काळोख. वर कौलांमध्ये एकच काचेचं कौल, आणि त्यातून उतरलेला उन्हाचा चौकोन जमिनीवर पडलेला. मी भिंतीला टेकून बसले. तासाभरात तो चौकोन दोन हात सरकला, जात्याच्या रिकाम्या जागेवरून उंबऱ्याकडे. जेम्स टरेल हा अमेरिकन कलावंत छताला असंच भोक ठेवतो, त्याच्या कडा इतक्या पातळ करतो की आकाश दूर न वाटता छतालाच चिकटवल्यासारखं दिसतं. अॅरिझोनातला एक विझलेला ज्वालामुखी त्याने 1977 साली घेतला, तो केवळ प्रकाश पाहण्याच्या खोल्या खोदण्यासाठी. प्रकाशाचं मांडणशिल्प म्हणजे रंगीत दिव्यांची आरास नव्हे, हे मला वर्षानुवर्षं पटत होतं. इथे बसल्यावर ते डोळ्यांना दिसलं.

भिंतीत कोनाडे होते, एकात दिव्याची काजळी. ती पाहून ब्रिटिश शिल्पकार रेचल व्हाइटरीडची आठवण झाली. 1993 साली तिने पूर्व लंडनमधल्या एका घरात आतून काँक्रीट भरलं आणि मग बाहेरच्या भिंती काढून टाकल्या. आजूबाजूची सगळी रांग आधीच पाडलेली, हे शेवटचं घर. उरली ती खोल्यांमधली पोकळी, घट्ट झालेली. आतले खोलगट भाग बाहेर फुगवटे होऊन आले. 1994च्या जानेवारीत तेही पाडलं गेलं. या माजघरात कोणी तसं काँक्रीट ओतलं, तर हा काजळीचा कोनाडा पोटासारखा पुढे येईल.

"हे चिरे कुठले?" मी काकांना विचारलं. त्यांनी सड्याकडे, म्हणजे कातळाच्या उघड्या पठाराकडे बोट दाखवलं. जेवण करून आम्ही तिकडेच निघालो. वाटेत जुनी चिरेखाण लागली. पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला जांभा, तळाला पावसाचं हिरवट पाणी. मला कडेवरून हलवेना. व्हाइटरीडला जे काँक्रीट ओतून करावं लागलं, ते इथे उलट्या दिशेने आधीच होऊन गेलं होतं. गावातली घरं इथून उचलून नेलेली. इथे त्यांचे साचे उरले.

कशेळीचं कातळशिल्प सड्यावरच आहे. सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती, त्याच्या पोटात कितीतरी प्राणी. कोकणातल्या ज्या कातळशिल्पांना 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत जागा मिळाली, त्यांतलं हे एक. चारच्या उन्हात मला धड सोंडही ओळखू येईना, नुसता काळा-तांबडा कातळ. कोरणाऱ्याने दगड काढून रेघ केली आहे, म्हणजे सावली पडल्याखेरीज ती दिसायची नाही. साडेपाचनंतर ऊन आडवं झालं तशी एकेक रेघ भरत गेली. आधी पाठ, मग पाय, मग पोटातला एक मासा. मी कडेकडेने तीन फेऱ्या मारल्या. फोटो काढायचं सुचलंच नाही.

सूर्य समुद्रात गेला आणि काही मिनिटांत हत्ती पुसला गेला. अंधार पडला. मी परत फिरणार तोच काका खाली बसले, बॅटरी कातळावर अगदी आडवी टेकवली आणि म्हणाले, "आता बघा."

सोंड परत आली होती.