‘फुकट पास वाटतात ना?’

कुणीतरी माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावतं. पडद्यावर खचाखच भरलेलं स्टेडियम, खाली मैदानात बायका फुटबॉल खेळतायत. मग ठरलेला प्रश्न येतो : “एवढी माणसं खरंच येतात? की फुकट पास वाटतात?” मी आकडा सांगितला, की त्याला जोडून दुसरा : “मग दर आठवड्याला तिथेच का नाही खेळत?” पहिल्याचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं. दुसऱ्यासाठी शंभर वर्षं मागे जावं लागतं, आणि मी १९२१पर्यंत पोचेस्तोवर विचारणारा निघून गेलेला असतो. तुम्ही विचारलंत आणि थांबलातही, म्हणून आज सगळंच सांगते.

तर, फुकट पास. हो, वाटलेत. सप्टेंबर २०१९मध्ये लंडनच्या चेल्सी क्लबने आपल्या महिला संघाचा हंगामातला पहिला सामना स्टॅमफर्ड ब्रिजवर, म्हणजे पुरुषांच्या संघाच्या मोठ्या मैदानावर, ठेवला आणि तिकिटं फुकट ठेवली. चाळीस हजारांच्या आसपास जागा, सगळी तिकिटं संपली. प्रत्यक्षात आले २४,५६४. बाकीच्यांनी तिकीट घेऊन ठेवलं आणि रविवारी घरी लोळत पडले असणार. फुकट मिळालेलं वाया घालवताना जीव थोडाच तुटतो! तिकिटाला थोडी का होईना किंमत लावली, की माणूस पाऊस असला तरी निघतो, असं माझं मत. तेव्हा ‘फुकट दिलं म्हणून गर्दी’ हे गणित तिथल्या तिथेच फसलं होतं.

आणि खरी गर्दी? २०२२च्या मार्चमध्ये बार्सिलोनाच्या बायकांनी रेआल माद्रिदला कॅम्प नोऊवर, म्हणजे क्लबच्या मोठ्या स्टेडियमवर, ५-२ हरवलं, तेव्हा ९१,५५३ लोक होते. तीन आठवड्यांनी जर्मनीच्या वोल्फ्सबुर्गविरुद्ध ९१,६४८. चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचा, सामना होता, बार्सिलोना ५-१ने जिंकली. एकदा झालं तर कुतूहल म्हणता येईल. महिन्याभरात दोनदा नव्वद हजार माणूस कुतूहलापोटी येत नाही. पण देशातल्या लीगचे रोजचे सामने याच संघाने खेळले ते सहा हजार जागांच्या योहान क्रायफ स्टेडियमवर. तुमचा दुसरा प्रश्न उभा राहतो तो इथे.

आता मागे जाऊ. पहिलं महायुद्ध चालू असताना इंग्लंडमधल्या प्रेस्टनला डिक, कर नावाच्या कारखान्यात बायका तोफगोळे बनवत. जेवणाच्या सुट्टीत त्या अंगणात फुटबॉल खेळत, त्यातून संघ उभा राहिला. नाव सरळच : डिक, कर लेडीज. जखमी सैनिकांच्या मदतीसाठी सामने खेळता खेळता त्यांची ख्याती इतकी वाढली, की २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूल शहरातल्या गुडिसन पार्कवर, म्हणजे एव्हर्टन क्लबच्या मैदानावर, त्यांची मॅच बघायला ५३,००० लोक आले. आणखी हजारो फाटकाबाहेरून परत गेले. आलेल्यांनी तिकिटं काढली होती; तीन हजार पौंडांहून जास्त पैसा जमला.

त्या मॅचमधला एक प्रसंग मला फार आवडतो. संघाची हुकमी गोल करणारी फ्लॉरी रेडफर्ड हिची गाडीच चुकली. मग दुसऱ्या अर्धात बचावफळीतल्या कॅप्टन ॲलिस केलला पुढे खेळवलं, आणि तिने हॅट्ट्रिक केली. सेंट हेलेन्सच्या संघाचा ४-० असा पराभव झाला. पन्नास हजारांच्या समोर कुणालाही सुचलं नसतं असं नाट्य आगगाडीच्या वेळापत्रकाने घडवून दिलं.

त्यानंतर एक वर्षही गेलं नव्हतं. ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला : हा खेळ बायकांना मुळीच योग्य नाही, त्याला उत्तेजन देऊ नये. जोडीला जमलेल्या पैशातला फार मोठा भाग खर्चातच जातो अशी कुरकुर. सगळे जण ठरावातला ‘योग्य नाही’ एवढाच भाग सांगतात. मला खरी मेख वाटते ती शेवटच्या ओळीत. असोसिएशनने बायकांना खेळायला बंदी केली नाही, तसा अधिकारच तिला नव्हता. तिने आपल्या सभासद क्लबांना सांगितलं, की अशा सामन्यांना तुमची मैदानं देऊ नका. बंदी खेळावर नव्हती, जागेवर होती.

आणि जागा काढून घेतली, की बाकी आपोआप होतं. बाया खेळत राहिल्या. डिक, कर लेडीज १९२२मध्ये अमेरिकेला जाऊन तिथल्या पुरुषांच्या संघांशी खेळून आल्या. पण घरी परतल्यावर रग्बीची मैदानं, बागा, कुणाची तरी मोकळी शेतं. जिथे बसायला बाक नाही, तिकीट तपासायला फाटक नाही, तिथे पन्नास हजार माणूस कुठून येणार? प्रेक्षक आटले. प्रेक्षक आटले म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून वर्तमानपत्रात ओळ नाही. ही बंदी उठायला पन्नास वर्षं लागली. पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७० आणि ब्राझीलमध्ये १९४१ ते १९७९ असाच मज्जाव होता, तेव्हा एकट्या इंग्रजांना बोल लावण्यात अर्थ नाही. तोवर दोन पिढ्या एकच गोष्ट ऐकत मोठ्या झाल्या होत्या : बायकांचं फुटबॉल बघायला कोणी येत नाही.

(मोठं मैदान मिळालं की काय होतं, ते मेक्सिकोत १९७१मध्ये दिसलं. तिथल्या महिलांच्या विश्वचषकाला फिफाची मान्यता नव्हती, तरी अझ्तेका स्टेडियमवर मेक्सिको-डेन्मार्क अंतिम सामन्याला लाखाच्या वर माणूस होता. पंधरा वर्षांच्या सुसान ऑगस्टेसनने तीन गोल करून सगळ्या यजमानांची तोंडं उतरवली.)

पण थांबा, मी लगेच सगळ्यांना मोठ्या मैदानात नेऊन बसवणार नाहीये. साठ हजार खुर्च्यांत पाच हजार माणसं बसवली, की ओरडासुद्धा वर छताकडे विरून जातो. टीव्हीवर मला हे नेहमी दिसतं. कॅमेऱ्यासमोरची बाजू मुद्दाम भरलेली असते, आणि चेंडू उंच उडाला की वरचा अख्खा मजला रिकामा दिसतो. बॉल सोडून खुर्च्या मोजायची वाईट सवय मला तिथूनच लागली. शिवाय मोठं स्टेडियम उघडायचा खर्च माणसांच्या हिशेबाने कमी होत नाही. दिवे तितकेच, बंदोबस्ताची माणसं जवळपास तितकीच, सफाईही तीच. गवत हा तर वेगळाच जीव. त्याला विश्रांती लागते, आणि पुरुषांच्या संघाने आधीच तारखा अडवलेल्या असतात. त्यांचा कपचा सामना वाढला, की बायकांची मॅच हलते. पंधरा दिवस आधी तिकीट काढून ठेवलेल्या माणसाचा कार्यक्रम बुडतो, आणि पुढच्या वेळी तो काढत नाही.

उलट छोट्या मैदानातही सारं गोड नसतं. जानेवारी २०२३मध्ये चेल्सी आणि लिव्हरपूलच्या बायका किंग्जमेडोवर, चेल्सीच्या महिला संघाच्या मैदानावर, उतरल्या. सुमारे पाच हजारांचं मैदान, गवताखाली गरम नळ्या नाहीत. पुरुषांच्या मोठ्या मैदानांत त्या असतातच. जमीन गोठलेली, पाय सरकतायत. सहाव्या मिनिटाला सामना थांबला तो थांबलाच. लोक आले होते, खेळाडू आल्या होत्या, टीव्ही आला होता. मैदान तेवढं आलं नव्हतं.

म्हणून मला विचाराल तर प्रश्न मोठ्या की छोट्या मैदानाचा नाहीच. तुम्ही तिथे पाहुणे आहात की घरचे, हा आहे. पाहुण्याला एक दिवस पंचपक्वान्नं मिळतात, पण कपाट मिळत नाही.

लंडनच्याच आर्सेनल क्लबने हे बऱ्यापैकी शहाणपणाने केलं. त्यांचा महिला संघ वर्षानुवर्षं बोरहॅम वुडला, साडेचार हजारांच्या मैदानावर खेळायचा. मग एमिरेट्सवर, म्हणजे क्लबच्या साठ हजारांच्या स्टेडियमवर, एकदोन सामने, पुढच्या हंगामात आणखी, तारखा बऱ्याच आधी जाहीर करून. सप्टेंबर २०२२मध्ये टॉटनहॅमविरुद्ध ४७,३६७ आले. मे २०२३मध्ये वोल्फ्सबुर्गविरुद्ध ६०,०६३, आणि त्या दिवशी आर्सेनल हरली, तेही जादा वेळेच्या अगदी शेवटी. ज्यांनी तो पराभव बघितला ते परत यायचे थांबले नाहीत, हे मला आकड्याहून मोठं वाटतं. फेब्रुवारी २०२४मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध लीगच्या सामन्याला सगळी तिकिटं संपली, ६०,१६०. २०२५-२६च्या हंगामापासून लीगचे घरचे सगळे सामने तिथेच. आता आठवड्याच्या मधल्या सामन्याला वीसेक हजारच आले, तरी कुणी ‘बघा, म्हटलं नव्हतं’ म्हणत हिशेब मांडत नाही.

दुसरी वाट अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीची. करंट नावाचा हा क्लब २०२१मध्ये बेसबॉलच्या मैदानावर खेळत होता, पुढे पुरुषांच्या क्लबच्या मैदानात भाडेकरू म्हणून. मालकांनी शेवटी नदीकाठी स्वतःचंच बांधलं. ११,५०० जागा, फक्त महिला क्लबसाठी मुद्दाम बांधलेलं जगातलं पहिलं व्यावसायिक फुटबॉल स्टेडियम. १६ मार्च २०२४ला पहिली मॅच झाली, पोर्टलँडविरुद्ध ५-४. उद्घाटनाला नऊ गोल! त्या मोसमात घरचे सगळे सामने हाऊसफुल्ल गेले. साठ हजारांचं बांधलं नाही यातच त्यांची अक्कल दिसते. मागणीपेक्षा थोडं लहान ठेवलं, की तिकिटासाठी आधीपासून धडपड करावी लागते. धडपड करणारा माणूस पुढच्या वर्षी हंगामाचाच पास घेतो.

आणि गुडिसन पार्क? एव्हर्टनचे पुरुष १८ मे २०२५ला तिथे शेवटचं खेळले आणि नदीकाठच्या नव्या स्टेडियममध्ये गेले. जुनं पाडायचं ठरलेलं होतं. नव्या मालकांनी बेत बदलला आणि ते महिला संघाला दिलं, जो तोवर बागेतल्या दोन हजारांच्या मैदानावर खेळत होता. तीच जागा, तीच गल्ली, ज्या मैदानाचं फाटक १९२१मध्ये बंद झालं होतं ते.

सप्टेंबर २०२५मध्ये टॉटनहॅमविरुद्ध, ते त्यांचं घर झाल्यावरचा तिथला पहिला लीग सामना झाला. एव्हर्टनच्या बायका ०-२ने हरल्या. वरच्या बाजूला खुर्च्या रिकाम्या होत्या, मी मोजल्या नाहीत. आमच्याकडचे एक जण नेमके तेव्हाच डोकावले आणि म्हणाले, “बघ, भरलं नाही.” नाही भरलं. पुढचा घरचा सामना कुठे आहे ते मी त्यांना यादीत दाखवलं.