मुलांची सुट्टीतली कमाई कोणाच्या विवरणपत्रात दाखवायची?

एप्रिल-मे महिन्यांत बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतली पीयूसीला (अकरावी-बारावीला) असलेली बरीच मुले कामाला लागतात. कोणी खडे बाजारात कापडाच्या दुकानात उभे राहते, कोणी गणेशमूर्ती रंगवायला जाते, तर संगणकावर हात बसलेली मुले लग्नाचे अल्बम लावून देतात. (उद्यमबागेतल्या फौंड्रीत मात्र अठरा वर्षांखालील मुलाला कायद्याने कामावर ठेवता येत नाही, ओळखीने लावून देतो म्हणणाऱ्यांचे ऐकू नये.) जून उजाडला की पालकांचा प्रश्न ठरलेला असतो : मूल अज्ञान (अठरा वर्षांखालचे) आहे, मग प्राप्तिकराच्या विवरणपत्रात त्याची कमाई आमच्याच उत्पन्नात धरायची ना?

ती धरायची नाही. आर्थिक वर्ष 2025-26 पर्यंतच्या उत्पन्नाला लागू असलेल्या प्राप्तिकर कायदा 1961 च्या कलम 64(1अ) नुसार अज्ञान मुलाचे उत्पन्न आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते, हे खरे; पण अंगमेहनतीने किंवा स्वतःच्या कौशल्याने मिळवलेले पैसे याच कलमाने त्यातून वगळले आहेत. ती कमाई मुलाची स्वतःची, आणि आर्थिक वर्ष 2025-26 साठी नव्या करप्रणालीत 4 लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नाला कर नसल्यामुळे सुट्टीतल्या कामावर त्याला कर लागण्याची वेळ सहसा येत नाही.

खरी गफलत पुढे होते. आई कौतुकाने ती रक्कम मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकते. मजुरी मुलाची असली, तरी ठेवीवरचे व्याज मेहनतीचे नव्हे, म्हणून ते पालकाच्याच विवरणपत्रात जाते. जुन्या करप्रणालीत त्यातून प्रत्येक मुलामागे 1,500 रुपयांची सूट मिळते, नव्या प्रणालीत तीही नाही. व्याजाची रक्कम किरकोळ असते हे मान्य. पण मुलाच्या नावावर आहे म्हणून ते कुठेच न दाखवण्याची सवय चांगली नाही.

दुसरी बाब टीडीएसची, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतल्या जाणाऱ्या कराची. अल्बमच्या कामाचे 40,000 रुपये एकरकमी देणारा व्यावसायिक टीडीएस कापण्यास बांधील असेल, तर मुलाचे पॅन दिलेले असल्यास कंत्राटी कामावर 1 टक्का, म्हणजे 400 रुपये कापले जातात. पॅन नसेल तर 20 टक्के, म्हणजे 8,000. यासाठीच मी ओळखीच्यांना काम सुरू होण्याआधी पॅन काढायला सांगते. अर्जावर पालक सही करतात आणि अज्ञान मुलाच्या कार्डावर छायाचित्र नसते. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, असे बऱ्याचदा असते. अर्ज आधारवरून होत असल्याने आधारवरचे नाव आधी नीट करून घ्यावे.

उत्पन्न करपात्र नसले, तरी कापलेले 400 रुपये परत हवे असतील तर विवरणपत्र भरावेच लागते. ते मुलाच्याच पॅनवर भरायचे असते आणि त्यासाठी पालकाला प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर प्रतिनिधी करदाता (मुलाच्या वतीने विवरणपत्र भरणारा) म्हणून नोंद करावी लागते. कापलेली रक्कम मुलाच्या 26एएस मध्ये, म्हणजे त्याच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या पत्रकात, दिसते की नाही, हे त्याआधी पाहावे. दिसत नसेल तर पैसे देणाऱ्याकडेच चौकशी करावी.

मूल वर्षाच्या मध्येच अठराचे झाले, तर त्या दिवसापर्यंतचे व्याज पालकाकडे आणि पुढचे मुलाकडे असा हिशेब लागतो. पॅनवर छायाचित्र आणि सही चढवण्याचा अर्जही तेव्हाच करून टाकावा.