६४ जीबीची थाप: नांदूरमध्यमेश्वर, मुल्हेर, साल्हेर

आधी निकाल सांगतो, मग वृत्तांत. प्रवासात फोटो उतरवून ठेवायला छोटा लॅपटॉप घेणार असाल आणि खोक्यावर ‘६४ जीबी ईएमएमसी’ (बोर्डावरच चिकटवलेली स्वस्त साठवण) असं छापलेलं दिसलं, तर खोकं खाली ठेवा आणि दुकानातून बाहेर पडा. मी पडलो नाही. लॅपटॉपला १६,९९० रुपये मोजले, वर १,१०० चं मेमरी कार्ड घेतलं, आणि डिसेंबरातल्या तीन दिवसांत २८० फोटो घालवले. त्यातच रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा उडतानाचे होते. असो. ‘असो’ म्हणायला मला दोन आठवडे लागले.

बेत साधा होता. पहिल्या दिवशी पहाटे नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य, तिथून नाशकात परत न येता निफाड, चांदवड, देवळा, सटाणा करत मुल्हेर. दुसऱ्या दिवशी मुल्हेर आणि मोरा हे किल्ले, संध्याकाळी वाघांब्याला मुक्काम. तिसऱ्या दिवशी साल्हेर आणि घर. सोबत मेव्हणा, गाडी त्याची. माझ्याकडे कॅमेऱ्याचं ६४ जीबीचं एक कार्ड आणि ३२ चं एक जुनं. मध्ये घर लागणार नाही, म्हणजे फोटो कुठेतरी उतरवायला हवेत. म्हणून लॅपटॉप.

दुकान एम. जी. रोडच्या बाजूचं, नाव घेत नाही. मी स्पष्ट सांगितलं की रॉ (कॅमेऱ्यातले कच्चे, मोठे) फोटो आहेत, एकेक २५ एमबीचा. “सर, ६४ जीबी म्हणजे डोक्यावरून पाणी. आणि लागलंच तर कार्ड टाका, १ टीबीपर्यंत घेतं.” घरी येऊन चालू केला तेव्हा ६४ चे ५८ दिसले, त्यातले विंडोज आणि सोबतची मंडळी बसल्यावर उरले २६. तेव्हाच परत करायला हवा होता. पण वजन १ किलो १०० ग्रॅम, पडदा ११.६ इंची, सॅकमध्ये वहीसारखा बसायचा. या बसण्यावरच भाळलो. परत त्याच दुकानात गेलो आणि २५६ जीबीचं मायक्रो एसडी कार्ड घेऊन आलो. पाकीट चकचकीत, नाव ओळखीचं, बिल मात्र कच्चं.

नांदूरमध्यमेश्वरबद्दल फार लिहीत नाही, सगळं सुरळीत झालं. २०२० साली रामसर यादीत (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) गेलेली ही राज्यातली पहिली पाणथळ जागा, तेव्हापासून गर्दी वाढली आहे, सूर्योदयाच्या आधी पोचा. एवढंच सांगतो की पक्ष्यांच्या मागे लागलात की बोट बटणावरून उठत नाही. सेकंदाला दहा फोटो. अकरा वाजेपर्यंत १,९०० झाले होते. हिशोब करा: साडेसत्तेचाळीस जीबी, एका सकाळीत. दुकानात हा हिशोब मी केला नव्हता, दुकानदाराने तर नाहीच नाही.

रात्री मुल्हेर गावात कॉपी करायला बसलो तर पहिली गंमत. लॅपटॉपला कार्डाची खाच आहे, पण ती फक्त मायक्रो एसडीची. कॅमेऱ्याचं मोठं एसडी कार्ड त्यात जाणारच नाही. शक्यता ओळखून येतानाच सटाण्यात कार्ड रीडर असलेला एक हब (एका यूएसबी खाचेच्या अनेक खाचा करणारा जोड) घेतला होता, ९०० रुपयांना. नाशकात तोच २५० ला लटकलेला असतो. “इथं दुसरीकडं भेटणार नाही” असं तो म्हणाला आणि ते खरंच होतं, म्हणून त्याला फार शिव्या देत नाही. तुम्ही घरून घेऊन जा.

लॅपटॉपमध्ये जागा नाही, म्हणून सगळं थेट नव्या मायक्रो एसडीवर टाकायला घेतलं. वेग सेकंदाला ६ एमबी. पडद्यावर ‘२ तास १४ मिनिटं शिल्लक’. मेव्हणा घोरत होता. मी थंडीत गोधडी पांघरून हिरवी पट्टी सरकताना बघत होतो. पट्टी भरली, मी पहिले दहा फोटो उघडून पाहिले, सगळे झकास. २५६ पैकी ४७ वापरले असं कार्ड सांगत होतं. मग कॅमेऱ्यात कार्ड घातलं आणि फॉरमॅट केलं.

हीच ती चूक. लिहितानाही पोटात कालवतं.

दुसरा दिवस मुल्हेर-मोऱ्याचा. सोमेश्वराचं देऊळ, मोती तलाव, छान वाट, दमलो नाही. ६०० फोटो, म्हणजे १५ जीबी, त्याच फॉरमॅट केलेल्या कार्डावर.

संध्याकाळी वाघांब्याला एका मावशींच्या ओसरीवर उतरलो. भाकरी, पिठलं, ठेचा. जेवण झाल्यावर मावशींच्या नातवाला रोहित दाखवावेत म्हणून लॅपटॉप काढला. पहिला फोटो आला, विसावा आला, तीनशेवा आला. त्याच्या पुढे एका चौकोनाचा वरचा पाव भाग चित्र आणि खाली राखाडी पट्टा. त्याच्या पुढे नुसतीच राखाडी. पुढचा फोटो, राखाडी. फाइलचं नाव बरोबर, आकार २५ एमबी बरोबर, आत काहीच नाही. पोरगा म्हणाला, “पक्षी उडून गेले का?”

मी रात्री दीडपर्यंत ते कार्ड काढून घालत होतो. दहाच्या सुमारास वीज गेली. लॅपटॉपचा चार्जर जाड गोल पिनेचा, पॉवर बँकेवर चालत नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक शेजारी भरलेली पडून आणि लॅपटॉप ३ टक्क्यांवर. मावशी उठून आल्या, “झोपत नई का भाऊ, काय करी राहिना?” काय सांगणार? म्हटलं, मावशी, फसलो.

झालं काय होतं ते घरी आल्यावर कळलं. कार्ड खोटं. आत जेमतेम ८ जीबीची चिप, आणि तिच्या कंट्रोलरला ‘मी २५६ आहे’ असं खोटं बोलायला शिकवलेलं. ८ जीबी भरेपर्यंत सगळं नीट लिहिलं जातं, पुढचं नुसतं घेतल्यासारखं दाखवून टाकून दिलं जातं. फाइलची नावं सुरुवातीच्या भागात नोंदली जातात, म्हणून फोल्डर भरलेला दिसतो. काही खोटी कार्डं पुढचं लिहिताना पहिल्या फोटोंवरच पुन्हा लिहितात. माझं त्यातल्या त्यात सज्जन निघालं.

त्या रात्री एक गोष्ट मात्र शहाणपणाची झाली, तीही मेव्हण्यामुळे. “दाजी, ते कॅमेऱ्यातलं कार्ड काढून खिशात ठेवा, उद्या त्याला हात लावू नका.” फॉरमॅट केलं तरी जुनं लगेच पुसलं जात नाही, त्याच्यावर नवीन लिहिलं गेलं की जातं. साल्हेर मी ३२ च्या जुन्या कार्डावर काढला. घरी येऊन फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्रॅम मोठ्या कार्डावर रात्रभर चालवला. सुरुवातीच्या १५ जीबीवर मुल्हेर बसला होता, त्याच्या पुढचे १,३०० फोटो परत आले. नावं सगळी गेली, एफ आणि पुढे लांबलचक आकडे. खोट्या कार्डावरचे पहिले ३२० शाबूत होतेच. राहिले मधले २८०. आणि थवा उठला तो नेमका त्या मधल्या खड्ड्यात.

आता साल्हेर. १,५६७ मीटर, राज्यातला सर्वात उंच किल्ला, शिखरांत धरला तर कळसूबाईनंतर उंचीत दुसरा. १६७२ ची मराठे-मोगलांची लढाई इथल्या पायथ्याची. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून शनिवार-रविवारी गाड्या फार. वाघांब्याकडून साल्हेर आणि सालोटा यांच्यामधल्या खिंडीत चढायचं, तिथून कोरीव पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, मग कड्याला बिलगून जाणारी वाट, गुहा, गंगासागर तलाव, रेणुकेचं देऊळ, आणि शेवटी परशुरामाच्या देवळापर्यंतची छाती काढणारी चढण. तीन लिटर पाणी न्या. अवघड काही नाही, फक्त लांब आहे. रात्रीची झोप झाली नसेल तर शेवटची चढण शिव्या घालत चढाल, मी तशीच चढलो. वर पोचलो तेव्हा वारा एवढा होता की कॅमेरा धरवेना, खाली मोसम खोऱ्यावर धुकं, आणि मी लॅपटॉप विसरलो. तासभर तरी.

या सगळ्यातून पुढच्या माणसाने काय घ्यावं, याची माझी मतं. रागात आहेत, पण तपासून पाहिलेली आहेत.

तीन-चार दिवसांचीच भटकंती असेल तर लॅपटॉप नेऊच नका. माझ्या हब आणि खोट्या कार्डाच्या पैशांत चांगल्या कंपनीचं एक जास्तीचं कार्ड पक्क्या बिलासह आलं असतं. कार्ड भरलं की काढायचं, डबीत घालून शर्टाच्या खिशात ठेवायचं, सॅकमध्ये नाही. फॉरमॅट फक्त घरी.

आठवड्याच्या वरचा प्रवास असेल आणि फोटोंवर रात्री काम करायचं नसेल, तर फोन आणि एसएसडी (तबकडी नसलेली, चिपची डिस्क). टाइप-सी फोनला हब, हबला रीडर आणि एसएसडी, फाइल मॅनेजरमधून कॉपी. एसएसडी आधी एक्सफॅट या फाइल-रचनेत फॉरमॅट करा. एनटीएफएस असेल तर पुष्कळ अँड्रॉइड फोन त्यावर लिहीत नाहीत, आणि फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ जात नाही. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क नेऊ नका. सटाण्यापुढच्या रस्त्यावर गाडीत माझी कंबर टिकली नाही, तबकडी काय टिकणार.

कॉम्प्युटर हवाच असेल तर अटी माझ्या. किमान २५६ जीबीची खरी एसएसडी, ८ जीबी रॅम, आणि टाइप-सीवर चार्जिंग. ही तिसरी अट सोडू नका. ती असली की ४५ किंवा ६५ वॉटची पीडी (टाइप-सीवरून जास्त वीज देणारी) पॉवर बँक लॅपटॉप जगवते. (२०,००० एमएएच म्हणजे सुमारे ७४ वॉट-अवर, विमानातल्या १०० च्या मर्यादेत बसते.) नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा कंपन्यांतून निघालेले जुने १२.५ इंची बरे. थिंकपॅड एक्स२७० ला मोठ्या एसडी कार्डाची खाच आहे आणि मागची बॅटरी बदलता येते, पण त्याचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. एक्स२८० त्या यादीत बसतो, पण खाच पुन्हा मायक्रोचीच. म्हणजे रीडर आलाच. मॅकबुक एअरच्या आताच्या मॉडेलांनाही खाच नाही. दुकानात जाताना आपलं कार्ड खिशात घेऊन जा आणि घालून बघा, लाजू नका.

भाचा रास्पबेरी पाय (एका छोट्या पट्टीवरचा कॉम्प्युटर) सुचवतो. पॉवर बँकेवर चालतो, खिशात मावतो, सगळं खरं. पण पडदा नाही. फोटो उघडतोय की राखाडी आहे हे मला डोळ्यांनी बघायचंय.

कोणतंही नवं कार्ड किंवा पेन ड्राइव्ह घेतल्या दिवशी पूर्ण भरून तपासा. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्स-मॅकवर एफथ्री, दोन्ही फुकट. मोठ्या कार्डाला रात्र जाईल, जाऊ द्या. आणि कॉपी झाल्यावर पहिला फोटो उघडू नका, शेवटचा उघडा, मग मधले चार. कट-पेस्ट कधीच नाही. दोन ठिकाणी प्रत असल्याशिवाय फॉरमॅट नाही.

कार्ड घेऊन दुकानात गेलो होतो. “कार्डाला वॉरंटी नसते सर,” म्हणाला, आणि काउंटरखालून ६०० रुपयांचा ‘२ टीबी’चा पेन ड्राइव्ह काढून दाखवला. लॅपटॉप भाचीला टायपिंगला दिला आहे.

वाघांब्यात मुक्काम करणार असाल तर चार्जिंग आठच्या आत उरका. आणि पुढच्या महिन्यात कुणी तिकडे जाणार असेल तर कळवा. मावशींच्या नातवाचा, भाकरी हातात घेऊन ओसरीवर बसलेला, एक फोटो वाचला आहे. त्याची प्रिंट काढून ठेवली आहे, तेवढी पोचवायची आहे.