रिमोट लावला की अंगची बटणं गप्प

माळ्यावरचा जुना टीव्ही गेम उघडून मी त्याचा हातात धरायचा गेम केला. गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याचा ४.३ इंची स्क्रीन, दोन १८६५० सेल (लॅपटॉपच्या बॅटरीत असतात तसले चार्ज होणारे) आणि जुन्याच रिमोटची पट्टी कापून बसवलेली बटणं. (आमच्याकडे तो रिमोटच, कंट्रोलर हा शब्द फार नंतर आला.) भाचीला मात्र टीव्हीला जोडून लोळत खेळायचं होतं, म्हणून मागे नऊ पिनांचं सॉकेटही काढलं.

आधी अंगची बटणं आणि सॉकेट, दोन्हींच्या वायरी सरळ एकत्र जोडल्या. बटण कधी लागे, कधी नाही. मग स्लाइड स्विच बसवला. तो चालला, पण रिमोट लावल्यावर तो सरकवायचं कुणाच्याच लक्षात राहीना. "मामा, तुझा गेम परत बिघडला!"

हे गेम म्हणजे १९८३ च्या जपानी फॅमिकॉमची नक्कल. रिमोटला कामाच्या पाचच वायरी: ५ व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक, डेटा. लॅचचा इशारा आला की रिमोट आठही बटणांची स्थिती टिपून ठेवतो आणि क्लॉकच्या ठोक्यागणिक एकेक डेटावर सांगतो: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, मग चार दिशा. विचारणारा गेम एकच, त्यामुळे लॅच आणि क्लॉक बाहेरचा रिमोट आणि अंगची बटणं या दोघांत सामायिक चालतात. भांडण फक्त डेटावर; एक त्या वायरीला शून्य व्होल्टवर ओढतो तेव्हा दुसरा पाचावर. मी पाचही वायरींसाठी रिले (विजेवर चालणारे स्विच) शोधत बसलो होतो, आणि बदलायची होती एकच!

पुण्याच्या तपकीर गल्लीतून ७४एचसी१५७ आणली, दोन वायरींतली एक निवडणारी चिप. तिची सिलेक्ट पिन (रिमोटच्या सिलेक्ट बटणाशी हिचा संबंध नाही) शून्यावर असेल तर पहिली वायर पुढे जाते, पाचावर असेल तर दुसरी. पहिलीवर बाहेरचा रिमोट, दुसरीवर अंगची बटणं. पण रिमोट लागलाय हे चिपला कळणार कसं? प्लगच्या चार पिना रिकाम्याच होत्या. त्यातली एक प्लगच्या आत ग्राउंडला जोडली, आणि सॉकेटमधली तीच पिन चिपच्या सिलेक्ट पिनला. हे मल्टिमीटर लावूनच करा, रंगांवर जाऊ नका. माझ्या रिमोटात लाल वायर चक्क क्लॉकची निघाली.

रिमोट लावला, चाललं. काढला, आणि डब्यात भूत शिरलं. हात जवळ नेला की बटणं गप्प, मागे घेतला की सुरू. रात्री साडेअकरापर्यंत मी एकेक सांधा पुन्हा तापवत होतो. सोल्डर बिचारं निर्दोष होतं. रिमोट काढल्यावर सिलेक्ट पिन नुसतीच लोंबकळत राहायची, आणि अशी पिन हाताच्या चाहुलीनेही वर-खाली होते. तिथून ५ व्होल्टला एक १० के (दहा हजार ओहम) रेझिस्टर लावला, म्हणजे रिमोट नसताना ती पाचावरच राहते; बाहेरच्या डेटालाही तसाच. चिपची पंधरा नंबरची इनेबल पिन (चिप चालू ठेवणारी) आणि उरलेले इनपुट ग्राउंडला. बस्स.

आता चालू खेळात रिमोट खुपसला तरी पडद्यावरचा गडी पळता पळता अडखळत नाही. परवा भाचीच्या मैत्रिणीने स्वतःचा रिमोट आणला, तो मात्र लागेना. त्याच्या प्लगात माझी ती तार कुठून असणार! प्लग उघडायचं म्हटल्यावर तिने रिमोट पाठीमागे लपवला.