आमची वाटचाल : डिंगबोचेची दुसरी रात्र

एव्हरेस्ट बेस कॅम्पचा आमचा कार्यक्रम इतरांपेक्षा महाग का, असे पुण्यातील आमच्या कार्यालयात आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतेच. उत्तर गेली अनेक वर्षे तेच आहे. बेस कॅम्पच्या वाटेवरील डिंगबोचे गावी आम्ही दोन रात्री राहतो, हमालाच्या पाठीवर २५ किलोंपेक्षा अधिक वजन देत नाही आणि प्रत्येक तुकडीबरोबर दाबाची पिशवी (उंचीचा त्रास झालेल्या माणसाला आत झोपवून हवेचा दाब वाढवण्याची पिशवी) नेतो. या तीन गोष्टी सोडल्या असत्या, तर २०१५ नंतरची दोन वर्षे आम्हाला एवढी जड गेली नसती. त्या आम्ही का सोडल्या नाहीत, हे एकदा नीट लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

नेपाळमध्ये २००६च्या नोव्हेंबरात शांतता करार झाला आणि २००७च्या एप्रिलमध्ये मी अकरा जणांची पहिली तुकडी घेऊन काठमांडूला उतरलो. त्यापूर्वी मी पिंपरीतील एका कारखान्यात नोकरी करीत होतो. गाठीशी उत्तरकाशीचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स होता आणि सह्याद्रीतील पंधरा वर्षांची भटकंती होती. पण तोरण्याची उंची १,४०३ मीटर आणि जेथून चाल सुरू होते त्या लुक्लाची धावपट्टीच २,८०० मीटरांच्या वर आहे, हा फरक माझ्या पायांना अजून कळायचा होता. तो मला आमच्या सिर्दारांनी, म्हणजे वाटाड्या-हमालांच्या प्रमुखांनी, शिकवला. पुढे तेच आमचे काठमांडूतील भागीदार झाले. आम्ही सारे त्यांना दाई म्हणतो. नेपाळीत दाई म्हणजे थोरला भाऊ.

त्या पहिल्या सकाळी लुक्लाला, हमालांची ओझी बांधण्यापूर्वी, दाईंनी माझ्याकडे ताणकाटा मागितला. मी तो रविवार पेठेतून घेऊन गेलो होतो, ५० किलोंपर्यंतचा, पितळी पट्टीचा. त्यांनी तो छताच्या वाशाला अडकवला आणि सर्वांत आधी माझीच डफल बॅग त्याच्या आकड्याला लावली. काटा १७ वर थांबला. ते काहीही बोलले नाहीत. त्यांनी चेन उघडली आणि जादा बूट, दोन पुस्तके आणि लाडवांचा मोठा डबा काढून माझ्या सॅकवर ठेवला. मग काटा १२ वर आला. दोन बॅगा मिळून २४ किलो, आणि हमालाचे स्वतःचे कपडे व पांघरूण एक किलोत बसवणे कठीण असल्याने दाईंच्या आग्रहाने पुढच्या वर्षापासून आम्ही प्रत्येकी १० किलोंची मर्यादा घातली. डोक्याला नाम्लो (ओझ्याचा पट्टा) लावून ओझे वाहणारा माणूस नामचे गावाचा चढ कसा चढतो, हे एकदा मागून चालत पाहिले की हा आकडा कोणी समजावून सांगावा लागत नाही.

२०१४ पर्यंतची वर्षे चांगली गेली.

२५ एप्रिल २०१५, शनिवार. भूकंप झाला तेव्हा नेपाळमध्ये दुपारचे बाराला चार मिनिटे कमी होती. आमची बारा जणांची तुकडी डिंगबोचेला विश्रांतीच्या दिवसावर होती. पुमोरी शिखराच्या बाजूने सुटलेला हिमलोट बेस कॅम्पवर कोसळल्याची बातमी मी पुण्यात दूरदर्शनवर पाहिली. दाईंचा निरोप रात्री नऊनंतर आला : सर्व जण सुखरूप आहेत, उघड्यावर झोपतील. विश्रांतीच्या दिवसाने त्यांना वाचवले, असे मी कधीही जाहिरातीत लिहिलेले नाही, कारण तो दिवस वगळला असता तरी ते त्या दुपारी बेस कॅम्पच्या अलीकडे, पुढच्या मुक्कामाला लोबुचेलाच असते. मात्र मला दुसरी एक गोष्ट सांगायची आहे. दाईंचे घर सिंधुपाल्चोकमध्ये होते आणि ते पडल्याचे त्यांना तिसऱ्या दिवशी कळले. तरीही तुकडी काठमांडूहून दिल्लीच्या विमानात बसेपर्यंत त्यांनी तिची साथ सोडली नाही. त्यानंतरच ते गावाकडे निघाले.

त्या वर्षी आम्हाला ४७ जणांचे पैसे परत द्यावे लागले. वाटेवरील मुक्कामाच्या टीहाउसवाल्यांना दिलेली आगाऊ रक्कम मी परत मागितली नाही. ज्यांच्या भिंती पडल्या होत्या त्यांच्याकडे कोणत्या तोंडाने मागणार? शरद ऋतूत सावरू म्हणावे, तर सप्टेंबरअखेर भारत-नेपाळ सीमेवरील वाहतूक अडली आणि नेपाळमध्ये इंधनाची व स्वयंपाकाच्या गॅसची टंचाई फेब्रुवारीपर्यंत चालली. मुदत ठेवी मोडल्या, सदाशिव पेठेतील भाड्याची जागा सोडली आणि घराच्या गॅलरीत टेबल मांडले. तेव्हा सांगलीच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांचा फोन आला. त्या म्हणाल्या, “पैसे तुमच्याकडेच राहू द्या, मला फक्त तारीख कळवा.” पुढे त्यांनी आपल्या शाळेतील चार शिक्षिकांची नावेही नोंदवली. २०१६च्या ऑक्टोबरात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, बाई बेस कॅम्पला पोहोचल्या. त्यांच्यानंतर सांगली-मिरजेकडून आमच्याकडे जेवढी माणसे आली, ती सर्व त्यांच्या शब्दावर आली.

याच काळात आमच्याकडे तीन हंगाम काम केलेल्या एका तरुणाने स्वतःची संस्था काढली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. या धंद्यात प्रत्येक जण कोणाच्या तरी हाताखाली शिकतो. तक्रार आहे ती त्याने केलेल्या उचलेगिरीची. आमच्या माहितीपत्रकातील परिच्छेद त्याने शब्दशः घेतले आणि त्यातून डिंगबोचेची दुसरी रात्र तेवढी वगळली. टेंगबोचे ३,८६० मीटरवर, डिंगबोचे ४,४१० मीटरवर आणि लोबुचे ४,९४० मीटरवर आहे. ३,००० मीटरच्या पुढे झोपण्याची उंची एका दिवसात साधारण ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, असा संकेत आहे. येथे दोन्ही टप्पे मुळातच त्याच्या किंचित पलीकडचे आहेत. मध्ये थांबले नाही, तर शरीराला दोन रात्रींत १,०८० मीटर चढवले जाते. त्याचा दर आमच्यापेक्षा नऊ हजारांनी कमी होता आणि पुण्यातील निम्मी चौकशी त्याच्याकडे वळली. आम्ही घाबरट आहोत, असेही तो लोकांना सांगत असे, आणि ते मला आजही विसरता आलेले नाही.

२०१७च्या मे महिन्यात लोबुचेला रात्री साडेअकराला त्याचाच एक माणूस आमच्या खोलीचे दार ठोठावू लागला. त्यांच्या तुकडीतील एक गृहस्थ सरळ रेषेत चालू शकत नव्हते आणि विचारलेले त्यांना कळत नव्हते. मेंदूला सूज येऊ लागल्याची ती खूण असते. दाईंनी आमची दाबाची पिशवी जमिनीवर पसरली, गृहस्थांना आत झोपवून चेन लावली आणि पायपंप सुरू केला. पिशवी फुगली की आतील दाब सुमारे दीड ते दोन हजार मीटर खाली उतरल्याइतका होतो. पण आतली हवा ताजी राहावी म्हणून पंप थांबवून चालत नाही. दर काही सेकंदांनी एक पाय पडला पाहिजे. आम्ही चौघे आळीपाळीने पहाटेपर्यंत पाय मारत होतो आणि दाई त्या लहानशा खिडकीतून टॉर्चने त्यांचा चेहरा पाहत होते. उजाडताच त्यांना फेरिचेच्या दवाखान्यात उतरवले आणि ते वाचले. त्या संस्थेकडून आम्हाला आभाराची एक ओळही आली नाही. पुढच्या वर्षी तिच्या माहितीपत्रकात मात्र “दाबाची पिशवी सोबत” असे छापलेले मी वाचले.

आमच्याकडे येणाऱ्यांना मी न विचारता काही गोष्टी सांगतो, येथेही सांगतो. सिंहगड किती मिनिटांत चढता, हे मला सांगू नका. पाठीवर सहा किलो घेऊन सलग तीन दिवस चालता का, ते सांगा. लुक्लाचे विमान ढगांवर अवलंबून असते, म्हणून परतीच्या तिकिटापूर्वी दोन दिवस मोकळे ठेवा. विमानाने नेपाळला जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या. डोके दुखत असेल तर ते लपवू नका. आमच्या ऑक्सिमीटरच्या वहीत प्रत्येकाचे सकाळ-संध्याकाळचे आकडे असतात, पण डोकेदुखी कोणत्याही यंत्रावर दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही वजनासाठी इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. नामचेच्या पुढे थंडीने त्याचे सेल बसतात. त्यामुळे लुक्लाला आजही दाई तोच पितळी ताणकाटा वाशाला अडकवतात, आणि तुकडीप्रमुखाची बॅग पहिली लागते.