लिस्टेड फार्महाउसची परवानगी: आमचा अर्ज कुठे अडकला

इंग्लंडमध्ये जुनं फार्महाउस घेतलेल्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितेय. आमचा अर्ज जिथे अडकला तिथे तुमचा अडकू नये.

आमचं घर सफोकमध्ये, ग्रेड टू लिस्टेड (म्हणजे सरकारच्या संरक्षित वास्तूंच्या यादीतलं), ओकच्या सांगाड्याचं. पश्चिमेच्या भिंतीवर विसाव्या शतकात कुणीतरी सिमेंटचा गिलावा चढवला होता. सिमेंटला चिरा पडतात, त्यातून पाणी आत शिरतं आणि मग त्याला बाहेर पडायला वाट नसते. जोत्यावरची आडवी तुळई इतकी कुजली होती की स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत जायचा. सिमेंट काढून तिथे चुन्याचा गिलावा करायचा आणि तुळईचा कुजलेला भाग बदलायचा, एवढंच काम. तरी लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट (अशा घरात बदल करायची कौन्सिलची परवानगी) लागतंच. ते न घेता काम केलं तर फौजदारी गुन्हा होतो, मग शेजारी काहीही सांगोत. लिस्टिंग घराच्या आतल्या भागालाही लागू असतं.

या अर्जाला फी नाही. नकाशे, फोटो, कामाचं वर्णन पटापट जमलं. अडलं ते व्हॅलिडेशनला, म्हणजे कागद पुरेसे आहेत का या पहिल्या तपासणीला.

निर्णयाची मुदत ८ आठवडे, पण ती अर्ज व्हॅलिड ठरल्यापासून मोजतात. आम्हाला पत्र आलं: हेरिटेज स्टेटमेंट (घराचं ऐतिहासिक महत्त्व आणि त्यावर कामाचा परिणाम सांगणारा कागद) अपुरं आहे. काय अपुरं, त्यावर एक ओळ नाही. फोन केला तर कळलं, कागद तपासणारे वेगळे आणि जुन्या वास्तूंचं काम पाहणारे कॉन्झर्वेशन ऑफिसर वेगळे, आणि ऑफिसरांना नेमकं काय हवंय हे तपासणाऱ्यांना सांगता येत नाही. ऑफिसरांशी थेट बोलायचं तर पैसे भरून प्री-अ‍ॅप म्हणजे अर्जाआधीचा सल्ला घ्या, त्याचीही रांग. सरकारी यादीतलं आमच्या घराचं वर्णन जोडून पाठवलं, तर पुन्हा तेच पत्र. ते वर्णन रस्त्यावरून पाहून लिहिल्यासारखं: विटांचं दर्शनी तोंड, सॅश खिडक्या, अठरावं शतक. त्या तोंडामागे कितीतरी जुनं घर उभं आहे, याचा त्यात उल्लेखच नाही.

इकडे थंडी तोंडावर आली होती. तापमान ५ अंशांखाली गेलं की चुन्याचं काम करत नाहीत. ओला चुना गोठला तर भुगा होऊन पडतो. म्हणजे एका मोघम शेऱ्यापायी त्या भिंतीने अजून एक ओला हिवाळा सोसायचा. याचा राग माझा अजून गेलेला नाही.

शेवटी टॉर्च घेऊन माळ्यावर चढले. मधल्या खणाचे (खांबांच्या दोन ओळींमधल्या भागाचे) वासे काळेकुट्ट, बोट फिरवलं की काजळी लागते. बाजूच्या खणांचे मात्र स्वच्छ. म्हणजे मधला खण मुळात छपरापर्यंत उघडा होता, धुरांडं नव्हतंच, जमिनीवर मधोमध आग पेटायची. सांध्यांवर सुतारांनी कोरलेले रोमन आकडे सापडले, चारसाठी चार उभ्या रेघा. सांगाडा आधी खाली जुळवून त्यावर खुणा करायचे आणि मग उभा करायचे. एका खांबाशी या आकड्यांचा क्रम तुटतो. तिथून पुढचा भाग मागाहून जोडलेला. विटांचं धुरांडं आणि मधला मजला त्यानंतरचा, सोळाव्या-सतराव्या शतकात इथे घरोघरी झालेला बदल.

हे सगळं प्लॅनवर उतरवलं, प्रत्येक टप्प्याला वेगळा रंग दिला आणि फोटोंना क्रमांक देऊन जोडले. काय जाणार, काय राहणार, एका नजरेत दिसत होतं. अर्ज लगेच व्हॅलिड झाला! ऑफिसरबाई पाहणीला आल्या, माळ्यावर बराच वेळ रमल्या आणि हा प्लॅन आपल्या नोंदींसाठी मागून घेतला. मला फार अभिमान वाटला. परवानगी मिळाली, अट एकच: आधी गिलाव्याचा नमुना भिंतीवर करून दाखवायचा. काम वसंतात झालं.

तेव्हा हा रंगीत प्लॅन पहिल्याच अर्जासोबत द्या. बंद केलेली खिडकी दिसली की लगेच खिडकी-कर असं लिहू नका. खिडक्यांच्या संख्येवरचा तो कर १६९६ ते १८५१ होता, पण खिडक्या इतर कारणांनीही बुजवल्या जायच्या. बजेटमध्ये २० टक्के व्हॅट धरा. लिस्टेड घरांच्या फेरबदलांवरची व्हॅटची सवलत २०१२ मध्येच गेली. आणि वळचणीला हात लावणार असाल तर वटवाघळांची पाहणी लागू शकते. संध्याकाळी बाहेर पडणारी वटवाघळं मोजायची तर ते मे ते सप्टेंबरमध्येच होतं, म्हणून ही पाहणी करणाऱ्या तज्ज्ञाला हिवाळ्यातच गाठून तारीख घेऊन ठेवा.